अनुमोदन

कस्तुरी कांबळे इंग्लंडमध्ये लीड्सला आली तेव्हा तिथल्या राजकीय पक्षाच्या शाखेत मैत्रीण झालेल्या आसावरीनेच तिला आपल्या मामींकडची भाड्याची खोली सुचवली होती. मामींनी चहा दिला, आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी खोली गेल्याचा निरोप पाठवला. खोली पुढे बरेच दिवस रिकामीच होती. "मलाच लाज वाटते गं," आसावरी तेव्हा म्हणाली होती. म्हणूनच पक्षाच्या शाखेच्या भेदभावविरोधी नियमांत जातीचाही उल्लेख असावा असा ठराव कस्तुरीने लिहिला, तेव्हा अनुमोदन द्यायचं आसावरीने आपणहून कबूल केलं. शनिवारच्या सभेत कस्तुरी उभी राहिली. आपली जात तिने गोऱ्या सहकाऱ्यांना पहिल्यांदाच सांगितली. खोलीची हकीकतही सांगितली, फक्त मामींचं नाव टाळलं. अध्यक्ष हेलन गोंधळली. वर्णद्वेषावर शाखेत सगळ्यात तळमळीने बोलायची ती आसावरी. तिच्याकडे वळून हेलनने विचारलं, "तू तर तिकडचीच. हे इथेही चालतं?" आसावरीने हातातल्या कपात पाहिलं. "आमच्या पिढीत कोणी मानत नाही," ती म्हणाली. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. "अनुमोदन कोणाचं?" हेलनने विचारलं. कस्तुरी आसावरीच्या हाताकडे बघत राहिली. तो कपावरून हलला नाही आणि ठराव चर्चेविनाच बारगळला. सभा संपल्यावर आसावरी जवळ आली. "मामीचं नाव घेतलं नाहीस, थँक्स हं," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. हळू बोलायची गरजच नव्हती. त्या सभागृहात मराठी कळणारं तिसरं कोणी नव्हतं.