हवा कोण सोडतं?

कडाक्याची थंडी पडली आणि रोज सकाळी गाडी सुरू केली की टायरमध्ये हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागू लागला. तीही चारही चाकांत सारखीच कमी! पठ्ठ्या हवा सोडण्यातही भेदभाव करत नव्हता. पठ्ठ्या म्हणजे शेजारी. पार्किंगवरून आमचं नुकतंच वाजलं होतं, त्यामुळे गुन्हेगार शोधायला मला लांब जावं लागलं नाही. कामावर पोहोचेपर्यंत दिवा आपोआप विझायचा. माझा संशय मात्र विझायचा नाही.

पाचव्या सकाळी मी त्याचं दार ठोठावलं आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लोकांच्या गाडीची हवा सोडताना लाज नाही वाटत?"

त्याने दार उघडलं. आतून त्याची मुलगी आली, माझ्याच वर्गातली. मी कालच तपासून दिलेली विज्ञानाची वही तिने माझ्यापुढे धरली. 'बंदिस्त हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो, तापली की वाढतो.' खाली माझा लाल शेरा : 'उत्तर बरोबर. रोजच्या जीवनातलं उदाहरण नाही. एक गुण कापला.'

तिथेच दाराला वही टेकवून तिने पेन्सिलीने लिहिलं, 'उदाहरण : सरांची गाडी.'

"सर, आता द्याल तो गुण?"

लाल पेन नेमकं माझ्या खिशातच होतं.