हिरव्या कंठाची लिली

‘कंद मी स्वतः येऊन नेईन,’ हा निरोप जगदीशरावांनी पुन्हा एकदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

हौशी बागवानांच्या त्या ऑनलाइन लिलावात रीत ठरलेली होती. बोली जिंकणाऱ्याने पत्ता कळवायचा आणि कंद कुरियरने जायचा. दारात येऊन कंद नेण्याची इच्छा आजवर कोणी दाखवली नव्हती. त्यातून बोली जिंकणारा हा रुपचंद असोद्याचा, गटात अगदी नवखा. दुसऱ्या कशावरही त्याने कधी बोली लावलेली नव्हती.

“येऊ द्या की,” हेमलताबाई म्हणाल्या. “माणूस कंद न्यायला येतोय, तुम्हाला न्यायला नव्हे.”

“चार वर्षांपूर्वीचा तो गृहस्थ विसरलीस? माझ्याकडून गुलाबी लिलीचा कंद नेला, त्याच्या फाका करून रोपे वाढवली आणि आज तेच फूल स्वतःच्या नावाने विकतो.”

“तुमचं लिलीपुराण तुमच्यापाशी. मी स्थळ आणणाऱ्या भिकन आबांच्या फोनची वाट बघतेय. पहूरची मंडळी आपल्या प्राचीला बघून गेली, त्याला महिना होत आला. मुलगा तिच्याही मनात भरलाय. आधीचं स्थळ तुमच्या वादावादीने गेलं. आता तरी गप्प राहा.”

जगदीशरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या डोक्यात विचार पहूरचा नव्हता, लिलीचा होता. पांढरीशुभ्र पाकळी आणि तिच्या तळाशी हिरवा कंठ, असे फूल त्यांनी स्वतः परागसिंचन करून, बी रुजवून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळवले होते. मूळ कंदाला आलेले एकुलते एक पिल्लू त्यांनी मोठ्या कष्टाने लिलावात ठेवले होते, ते केवळ आपल्या फुलाचे नाव व्हावे म्हणून. ते नावच दुसऱ्याने लाटले, तर इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचे काय उरणार होते?

इतक्यात शेजारच्या मंदाबाई फाटकाशी आल्या.

“भाऊ, एक माणूस सकायपाइन कोपराना दुकानवर बशेल शे. तुम्हनंच बठ्ठं इचारी राह्यना.”

“काय विचारतो?”

“घरमा कोन कोन शे, कितला वरीसपाइन राहतस, घर सोतानं शे का.”

जगदीशरावांच्या मनातला संशय आता खात्रीच्या उंबरठ्यावर आला. ते तडक मागच्या अंगणात गेले. थंडीत पाने कापून काढलेले कंद तेथे वाळूत निजले होते. पानाफुलांवाचून सगळे सारखेच. कोणता कोणाचा, हे फक्त त्यांनाच ठाऊक. लिलावातला हिरव्या कंठाचा कंद त्यांनी उचलून कोठीत ठेवला. कुंपणाकडेची तांबडी लिली, जी धुळ्यात घरोघर माजलेली असते, तिचा तेवढ्याच आकाराचा कंद त्यांनी निवडला, पुसला आणि कागदात गुंडाळला. चोराला चकवणे ही फसवणूक नव्हे, ते स्वसंरक्षण होय, असा युक्तिवाद त्यांनी मनाशी पक्का केला. त्याचा प्रतिवाद करणारे तेथे कोणी नव्हते.

रुपचंद आला. पांढरी टोपी, स्वच्छ सदरा, बोलणे संथ. आल्या आल्या त्याने बागेकडे नव्हे, घराकडे पाहिले.

“पानी रोज येतं का हो इकडे?”

“एका दिवसाआड.”

“अन् भरतं कोन?”

“ज्याला सवड असेल तो.”

“हे बरं शे. घरात गडी मानसं पानी भरतात, असं सांगणारं मी पह्यलंच घर पाहतोय.”

लिलीबद्दल एक अक्षर नाही. प्राची चहा घेऊन आली, तेव्हा कप हातात धरून तो म्हणाला, “बाग तूच पाहते का, पोरी? बँकेतून आल्यावर जमतं?”

“बाबा हात लावू देत नाहीत,” प्राची हसून म्हणाली. “मी फक्त लांबून कौतुक करते.”

जगदीशरावांनी कप बशीत ठेवला. ही बँकेत आहे, हे याला कोणी सांगितले? लिलावाच्या गटात त्यांनी घरातल्या कोणाचा कधी उल्लेखही केलेला नव्हता.

त्यांनी पुडके पुढे केले. रुपचंदाने कंद बाहेर काढला आणि मुळांची बाजू वर धरून तो न्याहाळू लागला. इतकी मोठी बोली लावणाऱ्याला बूड आणि शेंडा कळू नये? काय हे सोंग, जगदीशरावांना वाटले. तरी सवयीने त्यांनी तो कंद त्याच्या तळहातावर सुलटा करून दिला.

“मुळे खाली. मान मातीच्या वर ठेवा. उन्हाळा लागला की फुलेल.”

“पांढरंच फूल येईल ना, भाऊ?”

“शंका असेल तर राहू द्या.”

“नाही, नाही. तुमच्या शब्दावर नेतो,” रुपचंद म्हणाला, आणि कंद जपून पिशवीत ठेवून निघून गेला.

त्या दुपारी जगदीशरावांनी खरा कंद पुन्हा वाळूत लावला आणि फाटकाला नवे कुलूप घातले.

दिवेलागणीला फोन वाजला. हेमलताबाईंनी तो घेतला, दोन वाक्ये ऐकली, डोळ्यांना पदर लावला आणि फोन जगदीशरावांच्या हाती दिला. पलीकडे भिकन आबा होते. आवाजात पेढे घोळत होते.

“तोंड गोड करा, जगदीशराव. पहूरहून होकार आला. मुलाचे असोद्याचे मामा आज तुमच्याकडे येऊन गेले. तुम्हाला संशय येऊ नये म्हणून त्यांनी लिलावाचं निमित्त काढलं होतं. म्हणतात, मला कंदातलं ओ की ठो कळत नाही, हे त्या माणसाने ओळखलं होतं. मनात आणलं असतं, तर काहीही गळ्यात मारता आलं असतं. पण त्याने कंद सुलटा करून हातावर ठेवला. अशा घरची मुलगी डोळे मिटून करावी. मामांची हौस एवढीच आहे, की तो कंद त्यांनी पहूरला मुलाच्या दारात लावलाय, आणि साखरपुडा ज्या दिवशी त्याला पांढरं फूल येईल त्या दिवशी, सगळ्या सोयऱ्यांच्या समोर, त्या फुलापाशीच करायचा.”