कळवायचं कुणाला?

आमच्या संस्थेच्या नव्या सॉफ्टवेअरनं लबाडी पकडली. एकट्या राहणाऱ्या एकतीस आजी-आजोबांच्या फॉर्मवर 'अडीअडचणीला कुणाला कळवायचं?' यापुढं एकच नंबर होता, आणि तो सर्व्हे करणाऱ्या वत्सलाताईंचा!

"घरबसल्या फॉर्म भरलेत ना?" मी भडकले.

"घरोघर गेले, मॅडम. त्यांना कुणीच नाही. रकाना रिकामा सोडला तर तुमचं ते ॲप पुढंच जात नाही. म्हणून माझा टाकला. कळलं तर मी जाते की."

ताई गेल्यावर मी त्यांचा नोकरीचा फॉर्म उघडला. तिथंही तोच प्रश्न होता. त्यापुढचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये शोधला, तर गयाबाई निघाल्या, त्याच एकतिसांतल्या.

वय ब्याऐंशी. शेरा ताईंनीच लिहिलेला: फोन आहे, पण ऐकू येत नाही.