बिनआरोळीचं घराणं

वडील दगडी स्टुलावर बसले, लाकडी तलवार मांडीवर आडवी ठेवली आणि सुरू करा अशी मान हलवली. हिसाओने कमरेचा पेजर काढून आपल्या शिष्येकडे, विनीताकडे दिला. चाळिशी उलटलेला माणूस, एका जपानी कंपनीत मोठा साहेब. पण बाप परीक्षा घ्यायला समोर बसला की भलेभले पुन्हा शाळकरी पोर होतात.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या या इमारतीखालचा व्हॉइड डेक, म्हणजे खांबांवरची मोकळी जागा, हीच हिसाओची शाळा. दर रविवारी सकाळी तो इथे लाकडी तलवार शिकवायचा. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात तसं हे हिसाओच्या ओकुदा कुटुंबाचं तलवारीचं घराणं. त्याची ओळख म्हणजे आरोळी. वार करण्याआधी ती बेंबीच्या देठापासून अशी ठोकायची की समोरचा तिथेच अर्धा हरला पाहिजे. वडिलांच्या आरोळीने तिकडे जपानात, कागोशिमात शेजारच्या छपरावरची कबुतरं उडायची, आणि शेजाऱ्यांना त्याचं कौतुक होतं.

हिसाओच्या वर्गात मात्र आरोळी नव्हती. पहिल्या दिवशी एकदा झाली, तेवढीच. तेव्हा बाजारातून परतणारी आह-मा हातातली पिशवी टाकून, दोन्ही कान दाबून खांबाआड खाली बसली होती. आह-मा म्हणजे आजी, साऱ्या इमारतीचीच ती आजी. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौज सिंगापुरात शिरली तेव्हा ती नव्या लग्नाची पोर होती. तिच्या नातवाने एवढं सांगितलं आणि हिसाओने पुढचं विचारलं नाही. त्यानंतर त्याचा वर्ग नुसत्या श्वासावर चालू लागला. आह-मा आधी खिडकीतून बघायची, मग लिफ्टपाशी उभी राहून. हल्ली ती परात घेऊन थेट बाकावर येऊन बसायची, मुगाच्या लांब मोडांच्या शेपट्या खुडायची आणि मधूनच विनीताच्या उभं राहण्याला नाक मुरडायची.

यातलं वडिलांना काही ठाऊक नव्हतं. शिकवणं मनासारखं दिसलं तर तलवार तुझ्याकडे ठेवून येईन, नाहीतर परत आणून थोरल्या शिष्याला देईन, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आत्ता त्यांच्या मांडीवर होती ती तलवार ज्याच्याकडे, तो घराण्याचा गुरू. देण्याची रीतही न्यारी. गुरू ती आयुष्यभर जमिनीला टेकू देत नाही. एकदाच खाली ठेवतो, ज्याने उचलायची त्याच्या पायाशी.

विनीता विद्यापीठात संशोधन करायची. हिसाओची ती सगळ्यात जुनी शिष्या. आजच्या दिवस मैदानावर जाऊ, तिथे हवं तेवढं ओरडता येईल, असं तिने सकाळीच सुचवलं होतं. हिसाओ नको म्हणाला. वडिलांना जे आहे तेच दाखवायचं. म्हणाला खरा, पण आवाज काही फारसा ठाम नव्हता.

तो उभा राहिला. तलवार वर गेली, खाली आली. पावलांचा आवाज, श्वासाचा आवाज, बाकी सगळं शांत. मागे विनीता आणि इतर शिष्य तसंच करत होते. वडिलांनी हात वर केला.

"आवाज कुठे गेला?"

"इथे आम्ही असंच करतो, बाबा."

कारण त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारीवर ढकलल्यासारखं झालं असतं, आणि तो तसा माणूस नव्हता. आता गेलंच सगळं, असं विनीताला वाटलं. तिला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

वडील उठले. रागावण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. शिष्य विसरला की आपण करून दाखवायचं, एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी तलवार डोक्यावर नेली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

बाकावरून आह-माची परात घरंगळली. वडिलांची नजर तिकडे गेली. फरशीभर पांढरे मोड विखुरले होते, आणि त्यांच्याच वयाची एक बाई डोळे मिटून, कान दाबून, अजून न आलेल्या आवाजाची वाट बघत बसली होती.

त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. भरून घेतलेला श्वास त्यांनी हळूहळू, आवाज न करता सोडला. त्यांच्या आयुष्यात हे बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

ते पुढे आले. तलवार त्यांनी हिसाओच्या पायाशी ठेवली आणि बाकापुढे गुडघे टेकून मोड वेचायला घेतले. जाड बोटांत ते नीट येईनात, एक उचलला की दोन निसटत. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही तेव्हा आह-माने एक डोळा उघडला. मग कानांवरचे हात काढले. समोरच्या म्हाताऱ्याच्या ओंजळीतले मोड तिने पाहिले, परात त्याच्यापुढे सरकवली आणि एक मोड उचलून शेपटी कुठे खुडायची ते दाखवलं. वडिलांनी खुडली. तिने नाक मुरडलं आणि पुन्हा दाखवलं.

हिसाओ तलवारीकडे बघत तसाच उभा होता. ती आपल्यासाठी ठेवली, की हात मोकळे हवेत म्हणून ठेवली, हे त्याला कळेना. विचारायचा धीर होईना.

"उचल आता," वडील मान वर न करता म्हणाले. "माझे दोन्ही हात गुंतलेत."