शेजार

कोड जुन्या सिस्टममधून नव्या सिस्टममध्ये हलवताना सासूबाईंनी नोकरीत असताना केलेली एक दुरुस्ती मागेच राहिली, आणि नवजात बाळांच्या यंत्राची धोक्याची घंटा मधूनच मुकी होऊ लागली. सुनेने जुन्या सिस्टममधून ती दुरुस्ती पॅच म्हणून, म्हणजे कुठल्या ओळीशी काय बदलायचं ते सांगणारी फाइल म्हणून, शोधून काढली आणि कपाळाला हात लावला.

"आई, तुमच्या पॅचवर जो ओळ क्रमांक आहे, तिथे आता भलतंच बिऱ्हाड आहे."

"अगं, पॅच नुसता घरनंबर बघत नाही. वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी ओळखीच्या दिसल्या, की जागा सापडते त्याला."

"सगळं पाडून नव्याने बांधलंय हो. शेजार कुठला उरायला?"

"लावून तर बघ."

सुनेने जीव मुठीत धरून कळ दाबली. हजारभर ओळी ओलांडून पॅच लागला, आणि चाचणीत घंटा खणखणीत वाजली.

सुनेने त्या जागेच्या वरखालच्या ओळी वाचल्या. कशासाठी आहेत ते कुणालाच कळत नव्हतं, पण पुसून टाकायचाही कुणाला धीर झाला नव्हता म्हणून जशाच्या तशा नव्या सिस्टममध्ये आलेल्या, त्याच या सहा ओळी.

"आई, बिनकामाच्या म्हणून आजच काढणार होते मी या."

सासूबाईंनी पडद्यापुढे हात जोडले. "बिनकामाच्या कुठल्या? माझी जागा धरून बसल्या होत्या बिचाऱ्या."