तिनळी

"ड्राय!"

प्रोफेसर आइशलरांनी खणखणीत आवाजात आकडा उच्चारला, आणि त्यांच्या डावीकडे तीस पावलांवर, झुडपात पालथा पडलेल्या श्यामकांत आठल्येने तिनळी बंदूक खांद्याला घट्ट लावली. चाप ओढण्याआधी तीन-दोन-एक मोजायची प्रोफेसरांना प्रयोगशाळेतली सवय होती. समोरचं रानडुक्कर ते ऐकून पळून का जात नसे, हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे.

श्यामकांतचा प्रबंध जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत पाच वर्षं रखडला होता. आता १९५९ चा नोव्हेंबर. सोमवारी तोंडी परीक्षा आणि मग प्रोफेसरांची सही. तिकडे मिरजेत वडिलांनी 'डॉ.' लिहिलेली पाटी कधीच रंगवून घेतली होती.

प्रत्येक परीक्षेआधीच्या शनिवारी प्रोफेसर मन शांत करायला शिकारीला जात. सात वर्षांपूर्वी अशा पहिल्याच शनिवारी त्यांच्यासमोरचं डुक्कर जिवंत निघून गेलं आणि सोमवारी विद्यार्थी नापास झाला. दोन्हींचा संबंध काय, हे भौतिकशास्त्राच्या त्या अख्ख्या संस्थेत कुणी तपासलं नाही. तेव्हापासून रिवाजच पडला. परीक्षा ज्याची, त्याने झुडपात लपायचं आणि 'एक' म्हणताच प्रोफेसरांच्या बरोबरीने बार काढायचा. लढाईत प्रोफेसरांचा डावा कान गेला होता. आवाज कुठून आला हे त्यांना उमगत नसे. जनावर पडलं की संस्था खूश.

"त्स्वाय!"

"खटका पुढे केलात ना?" शेजारी पडलेला, संस्थेच्या वर्कशॉपातला क्नाप मेस्त्री कुजबुजला. बंदूक त्याचीच होती. "पुढे म्हणजे गोळी, मागे म्हणजे छर्रे. छर्ऱ्यांनी डुक्कर नुसतं शिंकेल, हेर डॉक्टर!"

"अहो, नुसतं 'हेर', नुसतं श्रीयुत म्हणा. अजून डॉक्टर नाहीये मी."

"त्याचीच तर व्यवस्था चाललीय."

"आइन्स!"

बार झाला. डुक्कर जागच्या जागी बसलं, मग कलंडलं. क्नापने रिवाजाप्रमाणे तिनळी पाठीला अडकवली, सायकलवर टांग टाकली आणि तो पसार झाला. श्यामकांतने पँट झटकली आणि तो मघापासून रस्त्यावरच उभा असल्याचा चेहरा करून अभिनंदनाला पुढे झाला.

प्रोफेसर ओंडक्यावर बसले होते. आपली तिनळी उघडून त्यांनी आकाशाकडे धरली होती. तिन्ही नळ्यांतून आरपार ढग दिसत होते.

"हेर आठल्ये, लढाईवरून आल्यापासून मी हिच्यात काडतूस घातलेलं नाही," ते म्हणाले. "मारून झालं होतं तेवढं पुरे होतं. आता नुसता नेम धरतो. चाप ओढला की टक् वाजतं. डुक्कर त्याच्या घरी, मी माझ्या घरी. पहिल्या वेळी तसंच झालं. त्यानंतर मात्र दरवेळी बार होतो. दरवेळी काहीतरी मरतं." त्यांनी तिनळी मिटली. "सोमवारी तुमच्या प्रबंधावर सही करतो. ती माझी शेवटची. मंगळवारी वेड्यांच्या इस्पितळात दाखल होतोय."

श्यामकांतने फक्त गप्प बसायचं होतं. एवढी एक गोष्ट तो पाच वर्षांत उत्तम शिकला होता.

"हेर प्रोफेसर," तो म्हणाला, "डुक्कर मी मारलं. त्या झुडपातून. आधीची सगळीसुद्धा आम्हीच."

प्रोफेसर ओंडक्यावरून उठले.

"तुम्ही? कँटीनच्या सुपात हाड निघालं म्हणून हाडाची माफी मागणारे तुम्ही? बरं, बंदूक कुठाय?"

"सायकलवरून गेली."

प्रोफेसरांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्यासाठी बोललात, कळतंय मला. पण जो माणूस निरीक्षण मनाने रचून सांगतो, त्याच्या प्रबंधावर मी सही करू शकत नाही."