पहिल्या रांगेतला जवान

"माणूस कसा आहे, जखमी जवानांसाठी काय करणार आहे, ते आधी बघ," रोसेंदा मुलाला रोज सांगायची. फिलिपिन्समधल्या मरावीच्या लढाईत दोन्ही पाय गमावलेला क्रिसांतो हट्टाने म्हणायचा, "आई, राष्ट्राध्यक्ष निवडायचा तर आधी देशप्रेम. आणि सिनेटर बेनाव्हेंतेंसारखा देशभक्त दुसरा कोणी नाही."

त्यांच्या इलिगान शहरातल्या बास्केटबॉल मैदानावर बेनाव्हेंतेंची प्रचारसभा झाली. क्रिसांतो चाकांच्या खुर्चीत पहिल्या रांगेत होता. सिनेटरनी रोसेंदाला मंचावर बोलावलं, क्रिसांतोचा काळी फीत लावलेला फोटो तिच्या हातात दिला आणि डोळे पुसत म्हणाले, "या माउलीच्या लेकाने देशासाठी प्राण दिले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रोसेंदाने त्यांच्या हातातला माइक हिसकावला. रागाने तिचा आवाज फाटला. "अहो, जिवंत आहे माझा पोरगा! तो काय, तुमच्यासमोर बसलाय! खाली बघायला तरी वेळ आहे का तुम्हाला?"

तिच्या हातातला माइक सुरूच आहे हे विसरून सिनेटर शेजारच्या कार्यकर्त्यावर खेकसले, "मेलाय म्हणून सांगितलंत ना मला? जिवंत जवानाचं मी काय करू?"